चऱ्होलीचा तितर आणि मिसुरीची टर्की

१८९० सालच्या वैशाखातली एक टोपली आपण डोळ्यांसमोर आणू. चऱ्होली बुद्रुक हे इंद्रायणीच्या दक्षिण तीरावरचे गाव. जवळच आळंदी, टेकडीवर वाघेश्वराचे देऊळ, आणि दिघीच्या बाजूला पसरलेला कुसळी गवताचा, बोरी-बाभळींचा माळ. या माळावर कोणीतरी फासे लावून पाच-सहा तितर धरले आहेत आणि ते टोपलीत घालून तो पुण्याच्या लष्कराकडे चालला आहे. अंतर फार नाही, दहा-बारा मैलांच्या आतच. कॅनॉट मार्केटमध्ये, म्हणजे आज ज्याला शिवाजी मार्केट म्हणतात तेथे, साहेबांचे खानसामे तितराला गिऱ्हाईक असत.

आता गंमत पाहा. माळावर तितर धरणे हा त्या वेळी गुन्हा नव्हता. रस्त्याने टोपली नेणे हाही नव्हता. पण छावणीची हद्द ओलांडली की तीच टोपली गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होती. १८८७ साली हिंदुस्थान सरकारने वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला. त्याने नगरपालिका आणि छावण्या यांना आपल्या हद्दीपुरते नियम करण्याचा अधिकार दिला. विणीच्या हंगामात नुकताच मारलेला किंवा धरलेला वन्य पक्षी हद्दीत बाळगायचा नाही आणि विकायचा नाही, असे ते नियम. कायदा माळावर गेलाच नाही, तो बाजाराच्या दाराशी उभा राहिला. तेव्हा चऱ्होली कोणत्याच नगरपालिकेत नव्हती.

हे वाचून हसू येते, पण या कायद्यामागची कल्पना हसण्यावारी नेण्यासारखी नाही. 'ज्या पक्ष्याची शिकार करायची आहे, त्याला अंडी घालून पिल्ले वाढवायला फुरसत द्या, म्हणजे पुढच्या वर्षीही शिकार मिळेल', ही ती कल्पना. शेतकरी बियाण्याचे दाणे वेगळे ठेवतो तसेच हे. या कल्पनेने जगात एका ठिकाणी जवळजवळ संपलेला पक्षी परत आणला आणि आपल्या दख्खनच्या माळावर तीच कल्पना एका पक्ष्याला वाचवू शकली नाही. असे का झाले, हे आम्हाला या लेखात पाहायचे आहे. विज्ञान आणि इतिहास हे विषय वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना येतात, माळावर मात्र ते एकत्रच भेटतात.

तितराची मोजदाद

प्रथम तितर. संस्कृतात हा तित्तिर. नाव त्याच्या ओरडण्यावरूनच पडलेले. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेले यजुर्वेदाचे मंत्र इतर शिष्यांनी तितर होऊन टिपले, म्हणून ती शाखा तैत्तिरीय, अशी कथा आहे. दाणे टिपणारा, घोळक्याने फिरणारा आणि सतत बोलणारा पक्षी कथाकाराच्या चांगल्या पाहण्यातला असला पाहिजे. आपल्याकडचा राखी तितर जोडीने राहतो, जमिनीवरच गवतात किंवा झुडपाखाली अंडी घालतो आणि रात्री बहुधा काटेरी झाडावर चढून झोपतो. एका वेळी सहा ते आठ अंडी हा त्याचा साधारण हिशेब.

हा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. पुढील आकडे आम्ही सोयीसाठी धरलेले आहेत, कोणी मोजून आणलेले नाहीत. समजा, माळाच्या एका तुकड्यावर चैत्रात तितरांच्या दहा जोड्या आहेत. प्रत्येक जोडीची सात अंडी, म्हणजे सत्तर. निम्मी अंडी मुंगूस, घोरपड, साप, कावळे यांच्या पोटात गेली. उरली पस्तीस पिल्ले. त्यांतली निम्मी दिवाळीपर्यंत गेली. उरली सतरा. आईबाप जगले असे धरले तर दिवाळीला माळावर सदतीस तितर आहेत. पण पुढच्या चैत्रात त्या तुकड्यावर पुन्हा वीसच तितर दिसतात, कारण उन्हाळ्याच्या तोंडाला तिथले दाणे, किडे आणि लपायची झुडपे वीस पक्ष्यांनाच पुरतात. मधले सतरा उपासमारीने, ससाण्यांनी, खोकडांनी कमी होतात, किंवा दुसरीकडे निघून जातात.

आता दिवाळी ते माघ या काळात शिकाऱ्याने दहा तितर मारले. चैत्रात किती राहतील? घाईने वजाबाकी करणारा विद्यार्थी दहा म्हणेल. पण तितर कमी झाल्याने उरलेल्यांना दाणे आणि आडोसा जास्त मिळतो, ससाण्याला ते कमी सापडतात, आणि चैत्रात पुन्हा वीसच्या आसपास तितर असू शकतात. शिकाऱ्याने नेलेले दहा बहुतेक त्या सतरांतलेच होते. मात्र त्याने तीस मारले तर सातच उरतील. आणि जर त्याने वैशाख-ज्येष्ठात घरट्यावरची मादी मारली, तर एका गोळीत सात-आठ जीव जातात. म्हणून विणीच्या हंगामात बंदी, आणि म्हणून हंगामातही किती मारायचे याला मर्यादा. शिकारीच्या पक्ष्यांची निगा राखण्याचे शास्त्र या दोन खुंट्यांवर टांगलेले आहे. अमेरिकेत आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ साली या विषयावरचे पहिले मोठे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यांनी एक गोष्ट ठासून सांगितली. शिकारीचा पक्षी हे जमिनीचे पीक आहे, आणि पीक हवे असेल तर आधी जमीन सांभाळली पाहिजे.

टर्कीची गोष्ट

टर्की आपल्याकडे पहिल्यांदा नोंदली गेली ती गोव्याच्या वाटेने. १६१२ साली मुकर्रबखान गोव्याहून चमत्कारिक प्राणी-पक्षी घेऊन जहांगीर बादशहाच्या दरबारात आला. त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचा आणि गळ्याचा रंग क्षणाक्षणाला पालटतो, याचे बादशहाला फार नवल वाटले. त्याने ते आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आणि चित्रेही काढवून घेतली. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. पोर्तुगिजांनी आणलेली ही टर्की पाळीव होती. तिचे रानटी भाऊबंद उत्तर अमेरिकेच्या जंगलांत राहत होते आणि आहेत.

त्या रानटी टर्कीचे हाल पुढे वाईट झाले. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जंगले तोडली, आणि बाजारात विकण्यासाठी बाराही महिने शिकार चालू ठेवली. मूळच्या एकोणचाळीस राज्यांपैकी अठरा राज्यांतून १९२० पर्यंत ती नाहीशी झाली होती. मग राज्यांनी शिकार बंद केली, परवाने आणले, आणि एक मोठी चूकही केली. पिंजऱ्यात अंडी उबवून वाढवलेल्या टर्की हजारोंनी जंगलात सोडल्या. त्या टिकल्या नाहीत. का टिकल्या नाहीत, याचा मिसुरी राज्यात कसून अभ्यास झाला. तो केला आल्डो लिओपोल्ड यांचे चिरंजीव स्टार्कर लिओपोल्ड यांनी, आणि १९४४ साली प्रसिद्ध केला. पाळीव रक्त मिसळलेल्या टर्कीचा मेंदू रानटी टर्कीपेक्षा लहान भरला. ती थंडी सरायच्या आधीच अंडी घालायला बसे. धोक्याच्या वेळी तिची पिल्ले रानटी पिल्लांसारखी जागीच दबून बसत नसत. रानटीपणा हा नुसता संगतीचा गुण नसून तो बऱ्याच अंशी रक्तातून येतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

उपाय उरला तो एकच. जिथे रानटी टर्की शिल्लक होत्या तिथून त्या धरून दुसऱ्या जंगलात सोडायच्या. पण हा पक्षी अतिशय सावध. १९५१ साली साउथ कॅरोलायनात तोफजाळे वापरून पाहिले गेले. दाणे टाकून टर्कीचा घोळका गोळा करायचा आणि छोट्या तोफांच्या बाराने मोठे जाळे त्याच्यावर फेकायचे. ही युक्ती साधली. पकडलेल्या टर्की राज्याराज्यांत नेऊन सोडल्या गेल्या. पैसा कुठून आला? १९३७ साली तिथे एक कायदा झाला होता. बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळायचा, आणि ज्या राज्याला तो हवा असेल त्याने शिकारीच्या परवान्यांचे पैसे दुसरीकडे वळवायचे नाहीत. शिकारी काडतूस विकत घेई, तेव्हा नकळत तो टर्कीच्या जंगलासाठी वर्गणी देत असे. मिसुरीत १९६० साली वसंतातला शिकारीचा हंगाम पुन्हा सुरू झाला. एकविसाव्या शतकाच्या आरंभी देशभरातल्या रानटी टर्कींची संख्या साठ-सत्तर लाखांच्या घरात गेली होती.

वसंतात, म्हणजे ऐन विणीत, शिकार? इथे वाचक अडखळेल. त्याचे उत्तर टर्कीच्या संसारात आहे. एक नर अनेक माद्यांशी जमतो आणि घरट्याकडे फिरकतही नाही. दहा-बारा अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे सारे मादीच करते. म्हणून समागम उरकत आला की थोडे नर मारले तरी पुढची पिढी अडत नाही, असा हिशेब करून वसंतात फक्त नरांची शिकार खुली ठेवतात. मात्र हा हिशेबही कायमचा नाही. आग्नेयेकडच्या काही राज्यांत अलीकडे टर्की कमी होऊ लागल्यावर तिथल्या खात्यांनी हंगाम उशिरा सुरू केला आणि दर शिकाऱ्याची मर्यादा घटवली. मोजणी सतत चालू होती म्हणून घट लक्षात आली.

दख्खनची टर्की?

आकाराने टर्कीच्या तोडीचा, किंबहुना थोडा मोठाच पक्षी आपल्या माळावर होता. त्याचे नाव माळढोक. नर सुमारे मीटरभर उंच, वजनाने पंधरा किलोपर्यंत. त्याचाही संसार टर्कीसारखाच. नर पावसाळ्यात माळावर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, 'हूम्' असा आवाज काढतो, आणि पिल्लांची सारी जबाबदारी मादीवर. या आवाजावरूनच त्याला हूम असेही म्हणत.

लेफ्टनंट कर्नल विल्यम साइक्स या गृहस्थांचे नाव दख्खनच्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याला टाळता येत नाही. एल्फिन्स्टनने १८२४ साली त्यांना सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी नेमले. त्यांनी पाऊस मोजला, पिके मोजली, लोकसंख्या नोंदली आणि जाता जाता पक्षीही टिपले. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत त्यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. तीत सुमारे २३६ जाती आहेत. माळावरच्या एका चंडोलाला आणि लाव्याच्या एका जातीला साइक्स यांनीच प्रथम शास्त्रीय नाव दिले. माळढोक तेव्हा दख्खनमध्ये इतका होता, की एका गृहस्थाने हजाराच्या आसपास मारले असे साइक्स लिहितात. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या शिकाऱ्याचा आकडा तर नेमका उपलब्ध आहे. त्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात ९६१ माळढोक मारले.

९६१ ला २० ने भागा. वर्षाला अठ्ठेचाळीस. आता तितरासारखाच माळढोकाचा हिशेब मांडू. पण इथे एक आकडा बदलतो, आणि तोच सगळे बदलून टाकतो. तितर सात अंडी घालतो, टर्की दहा-बारा, तर माळढोक बहुधा एक.

समजा, एका मोठ्या माळावर वीस माळढोक आहेत, त्यांत बारा माद्या. बारा अंडी. निम्मी गेली, राहिली सहा. निम्मी पिल्ले गेली, राहिली तीन. मोठ्या पक्ष्यांपैकी वर्षाला दहातला एक मरतो असे धरले तर दोन गेले. म्हणजे वर्षाअखेर एकवीस. वाढ किती? विसाला एक. शेकड्यात सांगायचे तर पाच. दरवर्षी एक माळढोक मारला तर माळावर वीस कायम राहतात. दोन मारले तर? पहिल्या वर्षी एकोणीस, पुढच्या वर्षी अठराहून कमी. दरवर्षीच्या संख्येला १.०५ ने गुणून त्यातून दोन वजा करीत जा. विद्यार्थ्यांना हे करायला द्यावे. गुणाकार सोपा आहे, पण उत्तर अंगावर येते. चौदाव्या वर्षी माळ रिकामा होतो. एक गोळी आणि दोन गोळ्या यांतला हा फरक.

याच दराने मॅन्सफील्डच्या अठ्ठेचाळीस पक्ष्यांचा हिशेब उलटा केला, तर वर्षाला अठ्ठेचाळीस पक्षी न घटता देण्यासाठी जिल्ह्यात सुमारे ९६० माळढोक कायम असायला हवेत. हे एकट्या मॅन्सफील्डपुरते झाले. बंदूक काही त्याच्या एकट्याकडेच नव्हती. आमचे आकडे धरलेले आहेत, प्रत्यक्षात दर थोडा कमी किंवा जास्त असेल. पण जो पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो आणि ज्याला वयात यायलाच काही वर्षे लागतात, त्याचे 'व्याज' फार थोडे, आणि शिकारी मुद्दलच खात होते, एवढे या हिशेबावरून स्पष्ट दिसते.

१९१२ साली हिंदुस्थान सरकारने १८८७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणला. हा मात्र छावणीच्या दारातून बाहेर पडून माळावर पोचला. प्रांतिक सरकारने बंदीचा काळ जाहीर करायचा, आणि त्या काळात यादीतले पक्षी व प्राणी धरणे, मारणे, विकणे हा गुन्हा. यादीत माळढोक, बदके, तणमोर, रानकोंबडे, तितर, मोर, पारवे, लावे, पखुर्डी अशी मंडळी आहेत. बगळे, नीलपंख आणि खंड्याही आहेत, कारण त्यांची पिसे तेव्हा विलायती टोप्यांसाठी विकली जात. यादी पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. माळढोक आणि लावा एकाच ओळीत बसवलेले आहेत. एक वर्षाला एक अंडे घालणारा, दुसरा पावसाळ्यात अर्धा डझनहून अधिक घालणारा, आणि दोघांना औषध एकच, विणीच्या काळात बंदी. लाव्याला ते मानवण्यासारखे होते. माळढोकाला बंदीचा काळ नको होता, बंदीच हवी होती.

फासे आणि गुन्हा

या कायद्यांची गोष्ट सांगताना साहेब शिकाऱ्यावर सगळी नजर खिळते आणि टोपलीवाला विसरला जातो. आमच्या टोपलीत तितर धरून देणारा फासेपारधी असण्याचीच शक्यता जास्त. त्याचे हत्यार म्हणजे फास्यांची लांब माळ. खुंट्यांना बांधलेले फासे तितरांच्या वाटेवर रोवायचे आणि घोळका न उडवता, पायीपायीच त्याला तिकडे वळवायचे. पिंजऱ्यातला शिकवलेला तितर बोलता करून रानातल्या नराला झुंजीसाठी बोलावून घ्यायचे, ही दुसरी तऱ्हा. हरणासाठी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने जवळ जायचे. पक्ष्याच्या सवयी माहीत असल्याशिवाय यातले काहीही साधत नाही. ज्ञान म्हणूनच याकडे पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९८० च्या सुमारास कैलाश मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारीचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे. फासेपारधी हरणे आणि तितर-मोरांसारखे पक्षी फास्यात धरतात. वैदू मुंगूस-मांजरासारखे लहान शिकारी प्राणी सापळ्यात पकडतात. नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने साळिंदर, घोरपड, रानडुक्कर यांच्या मागे जातात. एकाच मुलखातून तिघे फिरतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. फासेपारध्यांच्या आठवणीत असलेली एक रीतही त्यांनी नोंदवली आहे. फास्यात गाभण हरणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून द्यायचे. विणीच्या मादीला सोडणे, म्हणजे १८८७ आणि १९१२ च्या कायद्यांतला गाभा हाच. फरक इतकाच की हा नियम करणाऱ्यांनी तो राजपत्रात छापला नव्हता.

आणि त्या नियमाचे काय झाले? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ साली नव्या रूपात आला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारध्यांची नोंद झाली, हजेऱ्या लागल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती झाल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, पण शिक्का काही लगेच पुसला गेला नाही. एखादी जमात पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर परत येणार असेल, तर गाभण मादी सोडण्यात तिचाच फायदा असतो. उद्या इथे येऊ देतील की नाही याची खात्री नसलेला माणूस ती कशाला सोडील? एकाच माळाचे दोन वापरकर्ते. एकाच्या हाती बंदूक आणि नियम करण्याचा अधिकार, दुसऱ्याच्या हाती फासे आणि पाठीवर शिक्का. अमेरिकेत टर्की परत आली तेव्हा नियम करणारा, पैसे देणारा आणि शिकार करणारा साधारण एकाच समाजातला होता. तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जंगलांतून आधीच हुसकले गेले होते, हेही इथे सांगितले पाहिजे. नाहीतर टर्कीची गोष्ट फारच गोड होते.

परवान्यापासून बंदीपर्यंत

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. शिकारीच्या प्राण्यांची लहान, मोठी आणि विशेष अशी वर्गवारी केली, आणि त्याप्रमाणे परवाने ठेवले. हा त्या काळातला बराच पुढचा कायदा होता. मग १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा केंद्रीय कायदा आला. माळढोक पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे त्याची शिकार पूर्ण बंद. तितर आणि लावे चौथ्या अनुसूचीत, 'लहान शिकार' या सदरात आले. पुष्कळांना हे ठाऊक नसते, पण १९७२ च्या कायद्यातही परवाना घेऊन तितर मारण्याची सोय होती. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीने. टर्कीच्या वाटेने जाणारा शिकारीच्या निगराणीचा रस्ता आपल्या देशाने तेव्हा अधिकृतपणे सोडला. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्यांची संख्या कमी झाली, बंदी कायम राहिली.

बंदूक थांबली, माळ मात्र थांबला नाही. महसुली दप्तरात माळ म्हणजे पड जमीन, गायरान, निरुपयोगी जागा. जंगलाला निदान १८७८ च्या वन कायद्यापासून एक खाते आणि एक चौकीदार होता. माळाला कोणी नव्हता. पाटाचे पाणी आले की माळ नांगरला गेला, पाणी नाही आले तर चराईने उघडा पडला. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७० च्या दशकात पक्षिमित्रांनी माळढोक शोधून काढले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथल्या गवताच्या तुकड्यांना संरक्षण मिळाले होते, आणि नेमके तिथेच पक्षी टिकले होते. लिओपोल्ड यांचे म्हणणे नान्नजच्या गवताने असे सिद्ध केले. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे, शहरे, ऊसशेती, रस्ते सगळे आले, आणि साहजिकच लोक वैतागले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आता नान्नजला एखाददुसरा माळढोक दिसला तरी बातमी होते. २०१८ च्या सुमाराच्या अंदाजात साऱ्या देशात दीडशेच्या आसपास पक्षी उरले होते, बहुतेक थरच्या वाळवंटात. तिथे त्यांचा मोठा शत्रू म्हणजे विजेच्या तारा. जड अंगाचा आणि समोरचे नीट न दिसणारा हा पक्षी त्यांवर आदळतो. २०१९ पासून जैसलमेरजवळ रानातली अंडी आणून ती उबवण्याचा प्रयत्न चालू आहे आणि त्यात पिल्लेही जगली आहेत. मिसुरीच्या पाळीव टर्कीची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला पुढचा प्रश्न आपोआपच पडेल. ही पिल्ले रानात सोडल्यावर धोका दिसताच दबून बसतील का?

चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आली. १८८७ च्या कायद्याला हवी असलेली नगरपालिकेची हद्द एकशे दहा वर्षांनी माळापर्यंत पोचली, पण तोवर तो कायदा इतिहासजमा झाला होता आणि हद्दीबरोबर येणारी गोष्ट वेगळीच होती. आळंदी रस्त्यालगत आज उंच इमारती उभ्या आहेत. तितर मात्र चिवट आहे. शेताचा बांध, मोकळा पडलेला प्लॉट, दिघीच्या बाजूची झुडपे, एवढ्यावरही तो भागवून घेतो.

त्याची मोजणी शाळेला करता येते, आणि तिला बंदूक, फासे किंवा दुर्बीण यांतले काहीच लागत नाही. फाल्गुन-चैत्रात राखी तितराचे नर पहाटे जोरात ओरडतात. एक ठरावीक पायवाट निवडावी, साधारण दोन किलोमीटरची. उजाडताच ती चालायला लागावे, दर दोनशे पावलांवर तीन मिनिटे थांबावे आणि कोणत्या दिशेने किती वेगवेगळे आवाज आले ते वहीत नकाशा काढून खुणेने मांडावे. एकच नर दोनदा मोजला जाऊ नये म्हणून दोन मुलांनी स्वतंत्र खुणा कराव्यात आणि नंतर ताळा घ्यावा. वारा जोराचा असेल तो दिवस सोडावा. आठवड्याच्या अंतराने तीनदा चालून सर्वांत मोठा आकडा धरावा. झुडपात शिरून घरटे शोधू नये. पुढच्या वर्षी त्याच पायवाटेवर, त्याच आठवड्यांत, नव्या वर्गाने चालावे आणि जुनी वही सोबत न्यावी.